हेल्पर कुणाचा? रेल्समधल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

रेल्स ही रुबी भाषेत वेबसाइट लिहिण्याची चौकट. तिच्या प्रोजेक्टमध्ये व्ह्यू-कंपोनंट (पानाचे सुटे, स्वयंपूर्ण तुकडे करण्याची लायब्ररी) वापरायला घेतला की एक एरर हमखास भेटते. काल-परवापर्यंत टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) बिनबोभाट चालणारा आपला हेल्पर, म्हणजे टेम्प्लेटच्या मदतीला लिहिलेली छोटी मेथड, कंपोनंटच्या टेम्प्लेटमध्ये ‘अशी मेथडच नाही’ म्हणून अडतो. लिंक_टू, कंटेंट_टॅग हे रेल्सचे स्वतःचे हेल्पर चालतात; आपण स्वतः लिहिलेला हेल्पर तेवढा चालत नाही. नवख्याला हा बग वाटतो. तो मुद्दाम घेतलेला निर्णय आहे, आणि त्याचं मूळ बरंच मागे, हेल्पर सगळ्यांचा की ज्याला हवा त्याचाच या भांडणात आहे.

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये बेसकॅम्प या प्रोजेक्ट सांभाळण्याच्या सेवेच्या कोडमधून रेल्स वेगळं काढलं. टेम्प्लेटमध्ये लॉजिक कोंबू नये म्हणून हेल्पर्सचं वेगळं फोल्डर आलं आणि प्रत्येक कंट्रोलरला (ब्राउझरची विनंती हाताळणाऱ्या क्लासला) जोडीचं एक हेल्पर मॉड्यूल मिळालं. ही जोडी फार काळ टिकली नाही. २००७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० आवृत्तीत नव्या अ‍ॅपच्या मुख्य कंट्रोलरमध्ये ‘हेल्पर :ऑल’ ही ओळ आयतीच लिहून येऊ लागली, म्हणजे सगळे हेल्पर सगळीकडे. २०१० च्या ३.० मध्ये ती ओळ दिसेनाशी झाली, कारण तेच डिफॉल्ट झालं.

सोय झाली, यात वाद नाही. आपल्याकडच्या अ‍ॅपमध्ये रक्कम लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी दाखवणारा हेल्पर हवाच असतो. (रेल्सच्या डॉक्युमेंटेशनमध्येही १,२३,४५६.७८ असं उदाहरण आहे.) तो एकदा लिहिला की बिलात, रिपोर्टात, ईमेलमध्ये कुठेही वापरा. पण ऑर्डर्सच्या हेल्परमध्ये स्टेटस_लेबल आहे आणि युजर्सच्या हेल्परमध्येही त्याच नावाची मेथड आहे, असं झालं की जे मॉड्यूल नंतर लोड होतं ते जिंकतं. एरर नाही, वॉर्निंगही नाही. ऑर्डरच्या पानावर युजरचं लेबल मुकाट्याने झळकतं. शिवाय बरेच हेल्पर आतून करंट_युजर (लॉग-इन केलेला वापरकर्ता) किंवा कंट्रोलरमधला एखादा इन्स्टन्स व्हेरिएबल गृहीत धरतात. मेथडच्या नावावरून किंवा पॅरामीटरवरून ते अजिबात कळत नाही.

सुटे, स्वयंपूर्ण तुकडे करण्याचा प्रयत्न रेल्सने सुरुवातीलाच करून पाहिला होता. रेंडर_कंपोनंट ही सोय होती. पण ती संथ होती, आणि २.३ मध्ये ती गाभ्यातून हटवली गेली. पुढे सेल्स नावाच्या जेमने (रुबीच्या लायब्ररीने) ती कल्पना जिवंत ठेवली, पण मुख्य प्रवाह पार्शल (टेम्प्लेटचे साधे तुकडे) आणि हेल्पर यांच्यावरच चालत राहिला.

वारं फिरलं ते कोड साठवण्याच्या गिटहब या साइटमुळे. २०१९ च्या रेल्सकॉन्फ परिषदेत, मिनिआपोलिसला, गिटहबच्या जोएल हॉक्सली यांनी रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरून स्फुरलेली कंपोनंटची कल्पना मांडली. तिचं जेम आधी अ‍ॅक्शनव्ह्यू-कंपोनंट या नावाने आलं, पुढच्या वर्षी त्याचं व्ह्यू-कंपोनंट झालं. डिसेंबर २०२० च्या रेल्स ६.१ मध्ये ‘रेंडर_इन’ मेथड असलेला कुठलाही ऑब्जेक्ट थेट रेंडर करता येऊ लागला. कंपोनंटवाल्यांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा टेस्टचा होता: गिटहबच्या कोडमध्ये कंपोनंटच्या एका युनिट टेस्टला सुमारे २५ मिलिसेकंद लागत, तर कंट्रोलर टेस्टला सुमारे सहा सेकंद.

पण अख्खं हेल्पर्स फोल्डर आत घेतलं की तो कंपोनंट स्वयंपूर्ण कसला? म्हणून कंपोनंटला रेल्सचे स्वतःचे हेल्पर मिळतात, अ‍ॅपचे नाहीत. हवे असतील तर दोन वाटा. मॉड्यूल कंपोनंटच्या क्लासमध्ये नाव घेऊन इन्क्लूड करा, किंवा ‘हेल्पर्स.’ असा उपसर्ग लावून बोलवा. पहिल्या वाटेत क्लास उघडताच अवलंबित्व दिसतं. दुसरी वाट मागच्या दाराने जुन्याच सार्वत्रिक व्ह्यूकडे नेते, आणि घाईत सगळे तीच धरतात. तिथेही एक अट आहे: इनिशियलाइझमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) ‘हेल्पर्स’ वापरलं तर एरर येते, कारण रेंडर सुरू होईपर्यंत व्ह्यूचा संदर्भच अस्तित्वात नसतो. ते काम रेंडरच्या ऐन आधी चालणाऱ्या बिफोर_रेंडरमध्ये करावं लागतं.

फ्लेक्स या दुसऱ्या लायब्ररीने तर आणखी कडक धोरण घेतलं. तिथे लिंक_टूसारखा रेल्सचा स्वतःचा हेल्परसुद्धा नावानिशी इन्क्लूड करावा लागतो. मला ते जरा अतीच वाटतं, पण भूमिका सुसंगत आहे. व्ह्यू-कंपोनंटने मात्र मधला मार्गही आजमावला: ‘यूज_हेल्पर्स’ म्हणून मोजक्याच मेथडी आत घ्यायची सोय तिसऱ्या आवृत्तीत दिली आणि चौथ्या आवृत्तीत काढूनही टाकली. शिल्लक राहिल्या त्या आधीच्याच दोन वाटा.