क्रीट

क्रीट : भूमध्य समुद्रातील ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. सिसिली, सार्डिनिया, सायप्रस आणि कॉर्सिका यांच्या खालोखाल भूमध्य समुद्रात त्याचा आकाराने पाचवा क्रमांक लागतो. क्षेत्रफळ सुमारे ८,३३६ चौ. किमी., पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किमी., तर रुंदी मध्यभागी ६० किमी.पर्यंत आणि पूर्वेकडील इएरापेट्राजवळ अवघी १२ किमी. लोकसंख्या सहा लाखांहून अधिक असून हेराक्लिओन हे प्रशासकीय मुख्य ठिकाण आहे. पश्चिमेस लेफ्का ओरी म्हणजे ‘पांढरे पर्वत’, मध्यभागी प्सीलोरितिस (प्राचीन इडा, उंची २,४५६ मी.) आणि पूर्वेस दिक्ती अशा डोंगररांगांनी बेटाचा कणा बनला आहे. उत्तरेकडील उतार सौम्य असल्याने हानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन ही मोठी शहरे त्या किनाऱ्याला वसली. दक्षिणेस मात्र डोंगर थेट लिबियन समुद्रात उतरतात आणि लूत्रोसारख्या गावी आजही होडीने किंवा पायवाटेनेच जावे लागते. सुमारे १६ किमी. लांबीची समारिया घळ याच दक्षिण किनाऱ्यावर, आगिया रूमेली येथे, समुद्राला मिळते.

क्रीटचे समुद्रकिनारे आणि तेथील प्राचीन अवशेष यांची माहिती बहुधा वेगवेगळी दिली जाते, पण या बेटावर ती विभागणी टिकत नाही. येथील बहुतेक नावाजलेल्या पुळणी एके काळी बंदर, दफनभूमी किंवा किल्ल्याचा पायथा होत्या. वायव्य टोकाचे फालासार्ना हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे विस्तीर्ण, पश्चिमाभिमुख पुळण असून जवळच एका प्राचीन नगरीचे तटबंदीयुक्त बंदर आहे. ते आज कोरड्या जमिनीवर, समुद्रापासून आत उभे आहे. इ. स. ३६५ मध्ये झालेल्या प्रचंड भूकंपात बेटाचा पश्चिम भाग उचलला गेला आणि नैर्ऋत्येस ही उंची सुमारे ९ मी. भरली. त्याच भूकंपातून उठलेल्या लाटांनी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाची हानी केली. पश्चिम किनाऱ्याच्या कड्यांवर जुन्या समुद्रपातळीची आडवी रेघ अजून स्पष्ट दिसते. उलट पूर्वेकडे, एलूंदाजवळ, ओलूस नगरीचे अवशेष उथळ पाण्याखाली आहेत.

दक्षिण किनाऱ्यावरील कोमोस हे फेस्तोसच्या राजवाड्याचे बंदर होते. १९७६ पासून टोरोंटो विद्यापीठाच्या वतीने झालेल्या उत्खननात तेथे फरसबंद रस्ता, मोठ्या घडीव दगडांच्या इमारती आणि बहुधा जहाजे ठेवण्यासाठी बांधलेली लांबट दालने उघडी पडली. सायप्रस, ईजिप्त आणि इटलीकडील मातीची भांडीही तेथे मिळाली. थोड्याच अंतरावर मातालाच्या मऊ खडकात कोरलेल्या गुहा आहेत. रोमन काळात त्यांचा उपयोग दफनासाठी झाला आणि १९६० च्या दशकात देशोदेशीचे हिप्पी तरुण तेथे राहू लागले. पूर्व टोकाला कातो झाक्रोस येथे गोट्यांच्या लहानशा किनाऱ्यामागेच क्रीटच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीचा राजवाडा आहे. ग्रीक पुरातत्त्वज्ञ निकोलाओस प्लातोन यांनी १९६० च्या दशकात तो खणला, तेव्हा तो लुटला गेलेला नसल्याचे आढळले. हस्तिदंत आणि तांब्याच्या लगडी जागच्या जागी होत्या आणि एका विहिरीत वाडगाभर ऑलिव्ह टिकून राहिले होते. या बेटाचा व्यापार किती दूरवर पोचला होता हे कळण्यासाठी मला हेराक्लिओनजवळच्या प्रसिद्ध नोसोसपेक्षा झाक्रोस अधिक बोलके वाटते.

नोसोस मात्र टाळता येत नाही. तेथील वस्ती नवाश्मयुगापासूनची, म्हणजे इ. स. पू. ७००० च्या सुमाराची आहे. पहिले राजवाडे इ. स. पू. १९०० च्या आसपास उभे राहिले, सुमारे दोन शतकांनी कोसळले आणि अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा बांधले गेले. इ. स. पू. १४५० च्या सुमारास नोसोस वगळता बाकीचे उद्ध्वस्त झाले. ‘राजवाडा’ हा शब्द रूढ असला, तरी या वास्तू धान्य-तेलाची कोठारे, कारखाने, कचेऱ्या आणि पूजास्थाने यांचा एकत्रित समूह होत्या, हे त्यांच्या तळघरांतील माणसाच्या उंचीच्या रांजणांवरून लक्षात येते. हे रांजण प्रथम १८७८ मध्ये हेराक्लिओनचे व्यापारी मिनोस कालोकेरिनोस यांनी उजेडात आणले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी १९०० मध्ये पद्धतशीर उत्खनन सुरू केले आणि दंतकथेतील मिनोस राजावरून संस्कृतीचे ‘मिनोअन’ हे नाव रूढ केले. हे लोक स्वतःला काय म्हणवीत, ते कळत नाही, कारण त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही.

एव्हान्स यांनी पडक्या भागांवर काँक्रीटचे मजले चढवले आणि वरून रुंद व खाली निमुळते होणारे लाल खांब उभे केले. आज पर्यटक ज्याचे छायाचित्र घेतात, त्यातील बराच भाग विसाव्या शतकातला आहे. ‘लिलीचा राजपुत्र’ म्हणून प्रसिद्ध असलेले भित्तिचित्रही तुकड्यांवरून जुळवलेले असून ते तुकडे एकाच आकृतीचे नसावेत असे अनेक अभ्यासक मानतात. या पुनर्बांधणीमुळे सामान्य माणसाला जिने, प्रकाशकूप (आतल्या दालनांत उजेड आणणारे उघडे चौक) आणि भाजलेल्या मातीचे पाण्याचे नळ यांची रचना समजते, हे तिचे श्रेय आहे. पण मूळ दगड कोठे संपतो आणि सिमेंट कोठे सुरू होते, हे पाहणाऱ्याने पावलोपावली तपासले पाहिजे. मिनोअन लोक तटबंदीवाचून शांततेने नांदत होते, हे एव्हान्स यांनी रंगवलेले चित्रही पूर्वेकडील डोंगरवाटांवर सापडलेल्या पहाऱ्याच्या चौक्यांमुळे आता पूर्वीसारखे निर्विवाद राहिलेले नाही. २०२५ मध्ये नोसोस, फेस्तोस, मालिया, झाक्रोस, झोमिन्थोस आणि किदोनिया या सहा स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रित समावेश झाला.

मिनोअन लोकांची रेखालिपी ‘अ’ (लिनिअर ए) अद्याप वाचता आलेली नाही. नोसोसच्या मातीच्या फलकांवरील रेखालिपी ‘ब’ (लिनिअर बी) मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने १९५२ मध्ये उलगडली आणि ती ग्रीक भाषेच्या प्राचीन रूपाची निघाली. त्यावरून नोसोसच्या अखेरच्या काळात सत्ता ग्रीकभाषकांच्या हाती गेली होती, हे सिद्ध झाले. फेस्तोस येथे १९०८ मध्ये मिळालेल्या मातीच्या चकतीवर ४५ वेगवेगळी चिन्हे ठसे मारून उमटवली आहेत. तिच्या वाचनाचे अनेक दावे झाले, पण एकही सर्वमान्य नाही. मेसारा मैदानातील गोर्तिन येथील इ. स. पू. पाचव्या शतकातील कायद्याचा शिलालेख मात्र पूर्ण वाचला गेला आहे. घटस्फोट, वारसाहक्क, दत्तकविधान, गुलामांविरुद्धचे गुन्हे असे विषय त्यात आहेत. त्यातील एक ओळ डावीकडे, तर पुढची उजवीकडे जाते. नांगराला जुंपलेला बैल शेताच्या टोकाला वळतो तशी ही लेखनपद्धती असल्याने ग्रीकांनी तिला ‘बूस्त्रोफेदोन’ हे नावही बैलाच्या वळण्यावरूनच दिले.

रोमनांनी इ. स. पू. ६७ मध्ये बेट जिंकले आणि गोर्तिन ही प्रांताची राजधानी झाली. नवव्या शतकात अरबांनी उत्तर किनाऱ्यावर खंदकाने वेढलेले ठाणे वसवले. त्याच्या ‘अल-खंदक’ या नावाचे ग्रीकांनी ‘हांदाकास’ केले आणि व्हेनिसकरांनी ‘कांदिया’. मराठीतला ‘खंदक’ हा तोच अरबी शब्द आहे. या कांदियाचेच पुढे हेराक्लिओन झाले. ९६१ मध्ये बायझंटिनांनी बेट परत घेतले. तेराव्या शतकापासून सुमारे साडेचार शतके ते व्हेनिसकडे होते. कांदियाचा वेढा १६४८ ते १६६९ असा एकवीस वर्षे चालला आणि शहर ऑटोमन तुर्कांच्या हाती पडले. वायव्य टोकाजवळील बालोसच्या उथळ, फिकट निळ्या खाजणासमोरचा ग्राम्वूसा किल्ला मात्र त्यानंतरही काही वर्षे व्हेनिसच्या ताब्यात होता. क्रीट १८९८ मध्ये स्वायत्त झाले आणि १९१३ मध्ये ग्रीसमध्ये विलीन झाले. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत येथील मुस्लिमांना तुर्कस्तानात जावे लागले. त्यांच्यातील बहुतेकांची मातृभाषा ग्रीकच होती, त्यामुळे हे स्थलांतर विशेष क्लेशदायक ठरले. मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक मालेमे विमानतळावर उतरले तेव्हा गावकरीही हाती मिळेल ते घेऊन लढले. त्याचा सूड म्हणून कांदानोससारखी गावे जाळण्यात आली.

लोकसंस्कृतीचा गाभा संगीत आणि अन्न यांत आहे. गुडघ्यावर उभी धरून गजाने वाजवायची तीन तारांची लीरा आणि साथीला लाऊतो हे लांब दांड्याचे तंतुवाद्य ही मुख्य वाद्ये. पंधरा अक्षरांच्या दोन यमकबद्ध ओळींची ‘मांतिनादा’ लग्नात किंवा मद्यपान-गप्पांच्या मैफलीत जागच्या जागी रचली जाते आणि तिला तशाच मांतिनादाने उत्तर दिले जाते. पांढऱ्या पर्वतांच्या पायथ्याची ‘रिझीतिका’ गाणी वाद्यांशिवाय दोन गट आळीपाळीने म्हणतात. जेवणात ऑलिव्ह तेल मुबलक असते. दोनदा भाजलेल्या जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो व मऊ चीज घालून ‘दाकोस’ करतात, आणि डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्या नुसत्या उकडून तेल-लिंबाबरोबर खातात. द्राक्षांचा चोथा आंबवून शरद ऋतूत गाळलेली ‘त्सिकुद्या’ पाहुण्यापुढे न मागता येते.

पर्यटनाने बेटाला समृद्धी दिली, तसा किनाऱ्यांवर भारही टाकला. पूर्वेकडील वाई येथे क्रीटच्या मूळ खजुराचे (फिनिक्स थेओफ्रास्ती) वन थेट वाळूपर्यंत आले आहे. तळ ठोकणाऱ्यांमुळे त्याची नासधूस होऊ लागल्यावर ते कुंपण घालून राखावे लागले. रेथिम्नो, हानिया आणि मेसारा येथील पुळणींवर लॉगरहेड जातीची समुद्रकासवे अंडी घालतात, आणि हा काळ नेमका पर्यटकांच्या गर्दीचाच असतो. नैर्ऋत्येच्या एलाफोनिसीची वाळू सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याने गुलाबी दिसते. ती उचलून नेण्यास मनाई आहे. गुडघाभर पाण्यातून चालत जाता येणाऱ्या त्या बेटुकल्यावर १८२४ मध्ये ऑटोमन फौजेपासून लपलेली माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्यांच्या स्मरणार्थ तेथे शिळा बसवलेली आहे.