सांगलीत ऑनलाइन किती जण? एका न झालेल्या मोजणीची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार भरली. त्याच वर्षी युरोपातल्या अल्बानियानेही शिरगणती केली, तिथे साधारण २८ लाख माणसे निघाली. शेजारचा सातारा ३० लाखांचा, म्हणजे आर्मेनियाएवढा. आइसलँड हा आख्खा देश तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत बसेल आणि वर जागा उरेल. या तिन्ही देशांत किती लोक इंटरनेट वापरतात असे विचारले, तर तिथले सरकारी सांख्यिकी कार्यालय पाहणी करून काढलेला आकडा पुढे ठेवते. सांगलीबद्दल तोच प्रश्न विचारला तर उत्तर देणारे पायलीला पन्नास भेटतात. त्यातल्या कुणीही काही मोजलेले नसते.

निवडणूक आली की हे आकडे बाहेर पडतात. उमेदवाराचा सोशल मीडिया सांभाळणारा ‘जिल्ह्यात इतके लाख ॲक्टिव्ह’ म्हणून सांगतो, पेज चालवणारा ‘रीच’, म्हणजे मजकूर किती जणांपर्यंत पोहोचला ते, दाखवतो, सराफाला आणि क्लासवाल्याला त्याच आकड्यावर जाहिरातीचा दर लावला जातो. हे आकडे येतात कुठून, हे समजायला थोडे मागे, कागदाच्या जमान्यात जावे लागते.

वर्तमानपत्रांचा खप तपासणारी एबीसी ही संस्था भारतात १९४८ साली सुरू झाली. प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून ती काढली, कारण खप फुगवून सांगण्याची खोड जुनीच. एबीसी मोजते ते विकले गेलेले अंक. पण गावच्या वाचनालयातला एक अंक सकाळपासून किती हातांतून जातो, केशकर्तनालयात तोच पेपर दुपारपर्यंत किती जण वाचतात, हे त्यातून कळत नाही. म्हणून खपाच्या जोडीला वाचकसंख्या आली. १९७० मध्ये राष्ट्रीय वाचक पाहणी झाली, १९९५ पासून इंडियन रीडरशिप सर्व्हे सुरू झाला. घरोघरी जाऊन नमुन्यातल्या माणसांना विचारायचे आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा, अशी ही रीत.

ती रीत कुठे तुटते हे २०१४ च्या जानेवारीत जगजाहीर झाले. नव्या पाहणीचे आकडे आले आणि बड्या वृत्तपत्र समूहांनी एकत्र येऊन त्यांचा निषेध केला. त्यांनी दिलेली उदाहरणे अजून सांगितली जातात. नागपुरात साठ हजारांहून जास्त प्रमाणित खप असलेल्या ‘हितवाद’ला त्या पाहणीत एकही वाचक सापडला नव्हता. एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाला चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट वाचक दाखवले होते. देशाच्या पातळीवर नीटनेटका वाटणारा आकडा एका शहरापुरता कापून घेतला, की असे चमत्कार होतात.

यामागचे गणित साधेच आहे, पण ते उलटे वाटते. टक्केवारी तीन टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे अचूक हवी असेल तर साधारण हजारेक माणसांना विचारावे लागते. देश १४० कोटींचा असो की जिल्हा २८ लाखांचा, हजारच. प्रदेश लहान म्हणून पाहणी स्वस्तात होत नाही. उलट, देशभरात एक लाख माणसांची भक्कम पाहणी केली आणि ती सातशेहून अधिक जिल्ह्यांत वाटली, तर सांगलीच्या वाट्याला दीडशेही येत नाहीत. त्या दीडशेत ४० टक्के लोक इंटरनेटवर आढळले, तर खरे उत्तर ३२ ते ४८ च्या मध्ये कुठेही असू शकते. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अल्बानियाचे सांख्यिकी कार्यालय आपल्या लोकांसाठी स्वतंत्र नमुना निवडते. सांगलीच्या २८ लाखांसाठी तसे कुणी निवडत नाही. सगळा फरक एवढाच.

गंमत अशी, की भारतात खेड्यातल्या संगणक वापराची सर्वात गाजलेली सुरुवात याच भागात झाली. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूहाने मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभारला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली, वारणा खोऱ्यातली ७० गावे संगणकाने जोडायची, शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सरकारी दाखले गावातच मिळायचे, अशी कल्पना होती. देशोदेशीच्या अहवालांत वारणेचे नाव आले. कागदावर ७० गावे ‘जोडलेली’ होती. प्रत्यक्षात त्या संगणकांचा मुख्य उपयोग झाला तो उसाच्या कामाला: नोंद, तोडणी, वजन, बिल. शेतकरी केंद्रावर यायचा, केंद्रचालक पडद्यावरचा आकडा वाचून सांगायचा, शेतकरी घरी जायचा. यात इंटरनेट वापरणारा कोण धरायचा? पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी यातल्या काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला आणि उसाची तीच माहिती त्यावर बऱ्यापैकी मिळू लागली. वारणेचा धडा मला अजूनही लागू वाटतो. गाव जोडले गेले, घरात जोडणी आली, माणसाने वापर केला, या तीन वेगळ्या मोजण्या आहेत. आपण पहिलीचा आकडा तिसरीच्या जागी बिनदिक्कत वापरतो.

दुसरी मोजणी, म्हणजे घरात जोडणी आहे का, ही जनगणनेने २०११ मध्ये पहिल्यांदा केली. देशात ३.१ टक्के घरांत इंटरनेट निघाले. आज हा आकडा वाचून हसू येते, पण जिल्हा आणि तालुक्यापर्यंत खाली उतरणारा, प्रत्येक दार ठोठावून काढलेला आकडा आजवर एवढाच आहे. त्यानंतर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि जुने सगळे अंदाज मोडीत निघाले. २०२१ ची जनगणना मात्र लांबली. म्हणजे बदल सगळ्यात वेगाने झाला तीच वर्षे या मोजणीतून निसटली.

मधल्या काळात लोक ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या आकड्यांकडे वळले. ते दर तिमाहीला येतात, पण ‘महाराष्ट्र’ या दूरसंचार क्षेत्राचे येतात. त्यातून मुंबई वगळलेली आहे आणि गोवा घातलेला आहे. गडचिरोलीपासून पणजीपर्यंतच्या त्या गाठोड्यातून सांगलीतल्या जत तालुक्याचा आकडा कसा काढणार? शिवाय ट्राय सिम मोजते. दोन सिमवाला दोनदा धरला जातो, आणि ज्या घरात एकाच फोनवर आई रेसिपी बघते, मुलगा गेम खेळतो, आजी कीर्तन ऐकते, ते आख्खे घर एकदाच. ब्रॉडबँडची व्याख्याही स्थिर राहिली नाही. किमान वेग २००४ मध्ये २५६ केबीपीएस, २०१३ पासून ५१२, २०२३ पासून २ एमबीपीएस. व्याख्या बदलली की जुन्या आकड्यांशी तुलना अवघड होते.

माणसाला थेट विचारणाऱ्या पाहण्यांतून निदान दरी तरी दिसते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘कधीही इंटरनेट वापरले आहे का’ असे विचारले होते. देशात ५७ टक्के पुरुष हो म्हणाले, स्त्रिया ३३ टक्के. इथे ‘कधीही’ हा शब्द जपून वाचायला हवा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना गेल्या तीन महिन्यांत वापर झाला का ते विचारते, फेसबुकसारख्या कंपन्या महिन्याभराचा हिशोब सांगतात. या तिघांची टक्केवारी एका तक्त्यात मांडणारे महाभाग आहेत.

आता संकेतस्थळांकडे. सुरुवातीच्या काळात पानाच्या तळाशी आकडा पुढे सरकवणारा काउंटर असायचा. पान उघडले की सर्व्हर जेवढ्या फायली पाठवायचा तेवढे ‘हिट्स’ पडायचे, त्यामुळे पानावर चित्रे जास्त घातली की हिट्स आपोआप वाढायचे. १९९६ मध्ये अलेक्सा ही कंपनी निघाली, १९९९ मध्ये ॲमेझॉनने ती घेतली. संगणकाच्या ब्राउझरमध्ये तिची पट्टी बसवून घेणाऱ्यांच्या भटकंतीवरून ती साऱ्या जगातल्या संकेतस्थळांचे क्रमांक लावायची. अशी पट्टी बसवणारा माणूस बहुधा स्वतःच संकेतस्थळ चालवणारा. आटपाडीत मोबाइलवर बातमी वाचणाऱ्याला त्या मोजणीत जागाच नव्हती. पहिल्या एक लाखाच्या पुढचे क्रमांक विश्वासार्ह नाहीत, असे अलेक्सा स्वतःच सांगायची. जिल्हा पातळीवरची मराठी संकेतस्थळे बहुधा त्या रेषेच्या पलीकडे असायची, तरीही कित्येक वर्षे जाहिरातीच्या बोलणीत हा क्रमांक मिरवला गेला. १ मे २०२२ ला अलेक्सा बंद झाली.

स्वतःच्या संकेतस्थळाची मोजणी तरी पक्की असते ना? २००५ मध्ये गुगलने संकेतस्थळावर येणाऱ्यांची मोजणी करणारे ॲनालिटिक्स फुकट दिले तेव्हा तसे वाटले होते. पण त्यातला ‘शहर’ हा रकाना आपल्या भागात भलताच फसवा आहे. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या आयपी पत्त्यांमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या ओळख-क्रमांकांमागे, ठेवतात, आणि तो पत्ता बहुधा पुण्या-मुंबईचा म्हणून नोंदलेला असतो. जतमध्ये बसून वाचणारा मुंबईकर दिसतो. आणि दुसऱ्या बाजूने, पाटण-जावळीतला माथाडी कामगार खरोखरच नवी मुंबईत असतो. तो तिथून गावच्या यात्रेची बातमी वाचतो. दोघेही एकाच रकान्यात जाऊन पडतात आणि नंतर वेगळे काढता येत नाहीत.

खरे तर ‘सांगलीकर’ कुणाला म्हणायचे हाच पेच आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेले आहेत. केरळात दुकान, घर विट्याकडे, तालुक्याच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हजेरी. साताऱ्यात सैन्यातल्या माणसांचे तसेच. गावच्या पेजचे फॉलोअर गावच्या मतदारांपेक्षा जास्त दिसले तर लगेच खोटी खाती म्हणायचे कारण नाही, गावच तेवढे बाहेर पसरलेले असते. मात्र त्या आकड्यावरून गावातल्या दुकानाची जाहिरात ठरवली तर पैसे वाया जातात.

सध्या सर्वांत जास्त वापरला जाणारा स्रोत म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामचे जाहिरातीचे साधन. सांगली निवडा, वय निवडा, किती जणांपर्यंत जाहिरात जाऊ शकते ते दिसते. छोट्या देशांच्या सोशल मीडिया वापराचे जे वार्षिक अहवाल फिरतात, त्यांचाही मोठा आधार हाच. पण हे साधन जाहिरात विकण्यासाठी बनवलेले आहे. २०१७ मध्ये एका विश्लेषकाने दाखवून दिले, की अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या ४.१ कोटी लोकांपर्यंत पोहोचू शकतो असे फेसबुक म्हणते, तर जनगणनेनुसार त्या वयाची माणसे तिथे ३.१ कोटीच आहेत. संयुक्त अरब अमिरातीत सोशल मीडियावरचे वापरकर्ते लोकसंख्येच्या शंभर टक्क्यांवर गेले. कारण मोजली जातात ती खाती. दुकानाचे खाते, दुसरे खाते, विसरलेले खाते, सगळी त्यात येतात.

मग जिल्ह्याचे ‘इतके लाख’ कसे निघतात? फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हॉट्सॲपचे भारतात ५३ कोटी वापरकर्ते असल्याचे सांगितले. लोकसंख्या १३६ कोटी धरली तर ३९ टक्के. सांगलीच्या २८.२२ लाखांना लावले की ११ लाख. झाला आकडा तयार! पण सांगलीची साक्षरता ८१ टक्के आणि देशाची ७३, म्हणजे प्रत्यक्षात जास्त असावेत. दुसरीकडे, त्या ११ लाखांत जत आणि मिरज एकसारखेच धरले जातात. माझ्या मते अशा आकड्याला निदान ‘देशाच्या सरासरीवरून’ अशी चिठ्ठी तरी लावावी.

कंपन्यांना सांगता येत नाही, अशातला भाग नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना प्रत्येक सदस्य देशातली मासिक सरासरी वापरकर्तासंख्या जाहीर करायला लावले आहे. त्यामुळे साडेपाच लाखांच्या माल्टाचाही आकडा मिळतो. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतही वापरकर्त्यांची एक मर्यादा आहे, ५० लाखांची, पण ती देशभराची आणि फक्त कंपनी ‘मोठी’ आहे का ते ठरवण्यापुरती. जिल्हा सोडा, राज्याचा आकडा देण्याचीही सक्ती त्यात नाही.

पैसा नसताना मोजण्याची एक जुनी युक्ती आहे. फ्रान्समध्ये लाप्लास या गणितज्ञाने १८०२ च्या सुमारास निवडक गावांत माणसे मोजून घेतली, एका जन्मामागे साधारण २८ माणसे पडतात असे काढले आणि देशभरच्या जन्मनोंदीला त्याने गुणून लोकसंख्येचा अंदाज बांधला. पुढे तळ्यातले मासे मोजायलाही याच जातीचे गणित वापरले गेले. आपल्याकडे ते असे होईल: समजा, पलूस तालुक्यातल्या एका गावात फेसबुक पेजवर लिहिणारे ३०० जण आहेत, उसाच्या बिलाची माहिती व्हॉट्सॲपवर घेणारे ४०० आहेत, आणि दोन्ही याद्यांत १२० नावे सारखी आहेत. ४०० पैकी १२०, म्हणजे ३० टक्के, पेजवरही दिसतात, तर पेजवरचे ३०० जण साऱ्या ऑनलाइन गावाच्या ३० टक्के धरायचे. ३०० गुणिले ४०० भागिले १२०, म्हणजे गावात साधारण हजार जण ऑनलाइन. अट एकच, दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध नसावा. गावातली तीच ती हौशी पोरे दोन्हीकडे असतील तर सारखी नावे वाढतात आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. रात्री कामे आवरल्यावर नवऱ्याच्या फोनवर यूट्यूब बघणारी बाई दोन्ही याद्यांत नसते, ती या गणिताला सापडतच नाही.

२०२७ च्या जनगणनेतल्या घरयादीत इंटरनेट आणि स्मार्टफोनचा प्रश्न आहे. त्यामुळे जिल्ह्यातल्या किती घरांत जोडणी आहे याचा दारोदार जाऊन मोजलेला आकडा २०११ नंतर पहिल्यांदा मिळेल. त्या घरातला फोन कोण आणि कशासाठी वापरते, हे घरयादी विचारत नाही.