किनारा-सहल (उत्तर युरोपीय क्रूझ)

किनारा-सहल : क्रूझ जहाज बंदरात थांबले असताना प्रवाशांनी काही तासांसाठी किनाऱ्यावर उतरून केलेली आखीव सहल. ती जहाजकंपनीमार्फत, स्थानिक सहलसंस्थेमार्फत किंवा प्रवाशाने स्वतः आखून केली जाते. नॉर्वेचे फ्योर्ड (उंच कड्यांमधून आत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे), बाल्टिक समुद्राकाठची शहरे, स्कॉटलंडची उत्तरेकडील बेटे आणि आइसलंड हे उत्तर युरोपीय क्रूझचे मुख्य प्रदेश होत. या नोंदीत नॉर्वेचा विचार विस्ताराने केला आहे. कारण तेथे किनाऱ्यावरची सहल आणि जहाजावरचा वेळ यांची निवड एकमेकींपासून वेगळी करता येत नाही.

इतिहास : पहिली क्रूझ कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. शेटलंड बेटांत जन्मलेले आणि पुढे पी अँड ओ या ब्रिटिश जहाजकंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेले आर्थर अँडरसन यांनी १८३५ मध्ये ‘शेटलंड जर्नल’ या पत्रात आइसलंड व फेरो बेटांच्या जलसफरीची जाहिरात छापली. क्रूझचा आरंभ पुष्कळदा येथूनच सांगितला जातो. मात्र ती जाहिरात बहुधा काल्पनिक होती व सफर प्रत्यक्षात निघाल्याचे दिसत नाही. त्यामुळे तिला कल्पनेचा उगम म्हणता येईल, प्रथेचा नव्हे. पी अँड ओच्या १८४४ च्या सफरी प्रत्यक्षात झाल्या, पण त्या भूमध्य समुद्रात. शिवाय नेहमीच्या टपालबोटींच्या फेऱ्या जोडून त्या आखलेल्या होत्या. काही लेखक १८८१ मधील ‘सिलोन’ जहाजाच्या जगप्रदक्षिणेला, तर जर्मन परंपरेतील लेखक हापाग कंपनीच्या ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’च्या जानेवारी १८९१ मधील भूमध्य सफरीला अग्रमान देतात.

उत्तर युरोपपुरते पाहिले, तर ‘सेंट रॉग्नव्हाल्ड’ या जहाजाची १८८६ ची नॉर्वे सफर अधिक निर्णायक ठरते. उत्तर स्कॉटलंड, ऑर्कनी व शेटलंड यांच्या दरम्यान बोटी चालवणाऱ्या कंपनीने ती केवळ पर्यटनासाठी काढली. मागणी इतकी आली, की पुढच्याच वर्षी कंपनीने ॲबरडीन येथे ‘सेंट सुनिव्हा’ हे जहाज खास सफरींसाठी बांधून घेतले. पहिले हेतुपूर्वक बांधलेले क्रूझ जहाज हा मान काहीजण १९०० मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ या जर्मन जहाजाला देतात. ‘सेंट सुनिव्हा’ पुढे नियमित प्रवासी वाहतुकीत गेले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने जाते. तथापि बांधणीमागचा मूळ हेतू हा निकष धरल्यास १८८७ हेच वर्ष ग्राह्य मानावे लागते. ओरिएंट लाइनने १८८९ मध्ये ‘गारोन’ व ‘चिंबोराझो’ ही जहाजे नॉर्वेकडे वळवली. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म त्याच वर्षापासून १९१४ पर्यंत जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात तेथे जात असे. त्यामुळे जर्मनीत या मार्गाला प्रतिष्ठा लाभली.

किनारा-सहलीचा आजचा साचाही याच काळात पडला. हार्डांगर फ्योर्डमधील एइदे येथे उतरायचे, घोडागाडीने व्होस व स्टालहाइममार्गे गुडवांगेनला पोहोचायचे आणि डोंगराला वळसा घालून तेथे आलेले जहाज पुन्हा गाठायचे, ही त्या काळातील प्रसिद्ध वाट होती. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणी जहाज गाठण्याची ही पद्धत हेलेसिल्ट–गाइरांगर सहलीत अजून टिकून आहे.

उपलब्ध वेळ : वेळापत्रकात सकाळी ८ ते सायंकाळी ५ असे नऊ तास छापलेले असले, तरी तेवढे तास हाती येत नाहीत. आगमनाची वेळ ही सामान्यतः जहाज धक्क्याला लागण्याची असते. त्यानंतर बंदराची परवानगी मिळून गँगवे (जहाजातून उतरण्याचा पूल) खुला होण्यास अर्धा तास तरी धरावा. परतीची अंतिम वेळ निघण्याच्या आधी अर्धा ते एक तास असते. म्हणजे नऊ तासांचे साडेसात-आठ उरतात. धक्का नसलेल्या ठिकाणी जहाज नांगर टाकते व प्रवाशांना टेंडर, म्हणजे बहुधा जहाजाच्याच जीवरक्षक बोटी, किनाऱ्यावर नेतात. तेथे आणखी तासभर वजा करावा. पहिल्या टेंडरांत कंपनीच्या सहलींचे गट जातात. स्वतंत्र प्रवाशांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन थांबावे लागते. वारा किंवा लाटा वाढल्या तर टेंडर बंद होतात आणि त्या बंदराचा थांबाच रद्द होऊ शकतो. अशा वेळी कंपनीच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या संस्थेकडून ते मिळतील की नाही, हे तिच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून जहाज न आल्यास पूर्ण परतावा हे कलम नोंदणीपूर्वी वाचलेच पाहिजे.

घड्याळाची चूक बाल्टिकमध्ये हमखास होते. फिनलंड व एस्टोनिया स्वीडन-डेन्मार्कच्या एक तास पुढे आहेत. जहाजाचे घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणे बदलतेच असे नाही आणि मोबाइल मात्र आपोआप बदलतो. परतीची वेळ नेहमी जहाजाच्या वेळेत दिलेली असते. ती रोजच्या कार्यक्रमपत्रकात पाहून साध्या मनगटी घड्याळावर ठेवणे सुरक्षित ठरते.

कंपनीची सहल की स्वतंत्र : कंपनीच्या सहलीला उशीर झाल्यास जहाज साधारणपणे थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र प्रवासी चुकल्यास तो खर्च त्याचा. कंपनीच्या सहलीची जास्त किंमत मुख्यतः या हमीची आहे. त्यामुळे निवडीची कसोटी सोपी आहे : धक्क्यापासून ठिकाण किती दूर आहे आणि परतीची वाट एकच आहे की अनेक. अंतर मोठे व वाट एकच, तर कंपनीची सहल. चालत जाता येते, तर पैसे वाचवावेत.

या कसोटीने नॉर्वेतील बर्गन, स्टाव्हांगर, ऑलेसुंद व एस्टोनियातील टालिन येथे बससहल घेण्याचे कारण उरत नाही. बर्गनला नेहमीच्या धक्क्यावरून ब्रुग्गेन हा जुना व्यापारी घरांचा घाट चालत गाठता येतो (जागतिक वारसा, १९७९). तेथून जवळच १९१८ पासून चालू असलेली फ्लोयबानेन ही दोरखेच रेल्वे सुमारे ३२० मीटर उंचीवर नेते. जहाजे येण्याच्या दिवशी दहानंतर तिच्यासमोर लांब रांग लागते, म्हणून सकाळी आधी वर जावे, घाट नंतर पाहावा. मात्र बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस असतो. डोंगरावर ढग असतील तर क्रम उलटवावा. ऑलेसुंदमध्ये १९०४ च्या आगीनंतर नव्याने उभारलेले शहर अक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढून एका नजरेत दिसते. टालिनचे तटबंदीतले जुने गाव धक्क्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मात्र तेथील गोट्यांच्या फरसबंदीवर पातळ तळव्यांचे बूट चालत नाहीत.

याउलट जर्मनीतील वार्नेम्युंडे बंदराहून बर्लिन एका दिशेला सुमारे तीन तास लागतात. बारा तासांच्या मुक्कामातही शहरासाठी पाचेक तासच मिळतात. एवढा प्रवास करून बर्लिनची ओझरती ओळखच होते. जवळचे रोस्टॉक किंवा बाट डोबेरानची ‘मोली’ ही वाफेची छोटी गाडी अधिक समाधान देते. स्टॉकहोमच्या नावाखाली काही जहाजे प्रत्यक्षात सुमारे ६० किलोमीटर दक्षिणेच्या न्युनेसहाम्न येथे थांबतात, तर कोपनहेगनमध्ये लांगेलिनी धक्का जलपरीच्या पुतळ्याजवळ आणि ओशनकाय धक्का शहरापासून बराच दूर आहे. केवळ शहराचे नाव न पाहता धक्क्याचे नाव विचारावे.

स्टाव्हांगरहून प्राइकेस्टोलेन या ६०४ मीटर उंच कड्यावर जाणे ही सर्वाधिक चुकीच्या अंदाजाने घेतली जाणारी सहल आहे. पायवाट जाऊन-येऊन ८ किलोमीटरची असली, तरी मोठमोठ्या दगडांच्या चढामुळे चार-पाच तास लागतात आणि त्यात बसचा वेळ वेगळा. घोट्याला आधार देणारे बूट, जलरोधक जाकीट व पाणी नसेल तर कड्याच्या पायथ्याशी जाणारी लिसेफ्योर्डची बोट घ्यावी. कडा खालूनही भव्यच दिसतो.

फ्लॉम व गाइरांगर : नॉर्वेतील फ्लॉम गावाची रेल्वे समुद्रसपाटीपासून मिर्दाल स्थानकापर्यंत २०.२ किलोमीटरमध्ये सुमारे ८६५ मीटर चढते. तिच्यावर २० बोगदे असून सर्वाधिक चढ ५.५ टक्के, म्हणजे १८ मीटरला १ मीटर आहे. दातेरी रुळांशिवाय चालणाऱ्या सर्वसाधारण रुंदीच्या रेल्वेत इतका तीव्र चढ क्वचितच आढळतो. गाडी क्योस धबधब्यापाशी काही मिनिटे थांबते. येण्याजाण्यास दोन तास पुरतात, त्यामुळे स्वतंत्र तिकीट काढणे वेळेच्या दृष्टीने निर्धोक आहे. अडचण वेगळीच असते. जहाजकंपन्या सकाळच्या गाड्यांतील आसने आधीच गटाने घेऊन ठेवतात आणि ऐनवेळी खिडकीवर तिकीट मिळत नाही. तिकीट आठवडे आधी काढावे.

मोठी जहाजे सॉग्नेफ्योर्डमधून फ्लॉमला येतात, पण काही ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद असलेल्या नेरॉयफ्योर्डमध्ये ती शिरत नाहीत. जागतिक वारसा (२००५) आहे तो नेरॉयफ्योर्ड. तो पाहायचा तर फ्लॉमहून गुडवांगेनला जाणारी सुमारे दोन तासांची बोट आणि बोगद्यांतून बसने परत, हा क्रम धरावा. रेल्वे व बोट यांपैकी एकच शक्य असेल, तर प्रस्तुत नोंदीचा कल बोटीकडे आहे. रेल्वेतील बऱ्याच दृश्यांच्या आड बोगदे येतात.

गाइरांगरची गोष्ट उलट आहे. तेथे १५ किलोमीटरच्या फ्योर्डमधून जहाज स्वतःच जाते आणि दिवसातले सर्वांत सुंदर दृश्य डेकवरून दिसते. हेलेसिल्टला उतरून रस्त्याने गाइरांगरला येणारी सहल घेतल्यास आत येतानाचा हा प्रवास चुकतो. तो फक्त संध्याकाळी बाहेर पडताना मिळतो. ‘सात बहिणी’ हा धबधबा मे-जूनमध्ये बर्फ वितळताना भरभरून कोसळतो, ऑगस्टअखेर त्याच्या काही धारा बारीक होतात. गावातून दाल्सनिब्बा या सुमारे १,५०० मीटर उंचीच्या जागी जाणारी सहल ढगांमुळे वाया जाण्याचा संभव मोठा आहे. हंगामाच्या आरंभी तो रस्ता बर्फामुळे बंदही असतो. अकरा वळणांचा ओर्नेव्हेगन (गरुडमार्ग) कमी उंचीचा असल्याने तुलनेने खात्रीचा.

जहाजावरील निवड : फ्योर्डमधील प्रवेश पुष्कळदा पहाटे पाच-सहाला सुरू होतो. त्या सकाळी स्पा, शाही न्याहारी किंवा व्यायामवर्ग ठरवू नये. आदल्या रात्रीचा उशिराचा नाट्यप्रयोगही सोडावा. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, म्हणून पुढच्या उघड्या डेकवर जागा धरावी. जुलैतही तेथे वारा बोचतो. टोपी व हातमोजे लागतात. उलट साउदॅम्प्टनहून निघालेल्या जहाजाचा उत्तर समुद्रातील पहिला पूर्ण दिवस मोकळा असतो, पण त्याच दिवशी जहाज हलण्याची शक्यता अधिक. विशेष उपाहारगृहातील महागडे जेवण त्या रात्री न ठेवता फ्योर्डमधील शांत पाण्यावरच्या रात्री ठेवावे. स्पा बंदराच्या दिवशी रिकामा असतो व तेव्हाच सवलत मिळते.

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील नॉर्थ केप (७१° १०′ उ.) येथे साधारण १४ मे ते २९ जुलै या काळात सूर्य मावळत नाही. होनिंगस्व्होग बंदरातून बसने पाऊण तासात कड्यावर पोहोचता येते, पण तेथे धुके वारंवार येते. सूर्य दिसेलच या भरवशावर सहल घेऊ नये. त्या दिवसांत जहाजाच्या वरच्या डेकवरूनही तोच मध्यरात्रीचा सूर्य दिसू शकतो.

भारतीय प्रवासी : मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनी मार्ग पाहून व्हिसा घ्यावा. कोपनहेगन किंवा हँबर्गहून निघून मध्ये ऑर्कनी-शेटलंडला थांबणाऱ्या सफरीसाठी ब्रिटनचा व्हिसा आणि अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा, दोन्ही लागतात. फेरो बेटे, ग्रीनलंड व स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत. पहिल्या दोहोंसाठी व्हिसावर स्वतंत्र नोंद आवश्यक असते. शाकाहारी व जैन जेवणाची मागणी जहाजावर चढल्यावर नव्हे, तर आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवावी. पी अँड ओच्या काळापासून गोव्याचे खलाशी, आचारी व वाढपी या व्यवसायात आहेत. मुंबईत धोबीतलाव परिसरातील गोवेकरांचे कूड हे जहाजावरच्या कामाची वाट पाहणाऱ्या खलाशांचे वसतिस्थान होते.

बदलते मार्ग : सेंट पीटर्झबर्ग हे दीर्घकाळ बाल्टिक सफरीचे मुख्य आकर्षण होते. मान्यताप्राप्त सहलीसह उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना तेथे ७२ तास व्हिसाविना राहता येई. २०२२ पासून प्रमुख कंपन्यांनी ते वगळले आणि त्या जागी व्हिस्बी, रीगा, ग्दिन्या अशी बंदरे आली. स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत १ जानेवारी २०२५ पासून एका जहाजावर २०० पेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत. नॉर्वेच्या जागतिक वारसा फ्योर्डांत शून्य उत्सर्जनाची अट १०,००० टनांखालील प्रवासी जहाजांना २०२६ पासून, तर मोठ्या जहाजांना २०३२ पासून लागू करण्याचे ठरले आहे. गाइरांगरला मोठ्या जहाजाने जाऊ इच्छिणाऱ्यांनी सफरीच्या वर्षाचा मार्ग त्यानुसार तपासून घ्यावा.