ट्रक अपघातातील नुकसानभरपाईचा दावा (ठाणे व नवी मुंबई)

मालवाहू ट्रक, डंपर, टँकर किंवा कंटेनरच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीने अथवा मृताच्या वारसांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केलेला अर्ज. चालक, ट्रकमालक आणि विमा कंपनी हे त्यात सामनेवाले असतात. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीच भरते. चालकावरचा फौजदारी खटला स्वतंत्र चालतो. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, इथे शक्यतेचे पारडे कुणीकडे झुकते एवढेच पाहतात. म्हणून चालक निर्दोष सुटला तरी दावा आपोआप बुडत नाही.

कुठे आणि कधी. न्हावा-शेवा बंदर, कळंबोलीचा लोखंड बाजार, तुर्भ्याची बाजार समिती आणि भिवंडीची गोदामे यांमुळे शिळफाटा, मुंब्रा बायपास, घोडबंदर रस्ता आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर अवजड वाहनांचा राबता असतो. या पट्ट्यातून जिल्ह्याची हद्द जाते: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, खारघर, कळंबोली, पनवेल, उरण रायगड. त्यावरून अडून बसण्याचे कारण नाही. अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण, सामनेवाल्याचे ठिकाण यांपैकी कुठल्याही हद्दीत अर्ज चालतो. तुर्भ्यात अपघात झालेला खारघरचा रहिवासी ठाण्याला जाऊ शकतो किंवा पनवेलला.

१ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबणे धोक्याचे. पोलिसांनी ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा सविस्तर अपघात अहवालही दावा म्हणून धरता येतो; तरी स्वतःचा अर्ज करून ठेवावा.

कागद. प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळ पंचनामा, आरटीओ निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल, आरसी (वाहन नोंदणीचे प्रमाणपत्र), चालकाचा परवाना, परमिट, फिटनेस प्रमाणपत्र, विमा पॉलिसी आणि पोलिसांचा ‘कॉम्प एए’ नमुना (अपघात, गाडी, चालक व विमा यांच्या माहितीचा तक्ता) हा पाया. मृत्यू असेल तर मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल. जखमी असेल तर डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि अपंगत्वाचा दाखला. पॉलिसीवर तारखेसोबत सुरू होण्याची वेळही वाचावी. सकाळी अपघात आणि दुपारी पॉलिसी, असे प्रकार घडतात, आणि मग विमा लागू होत नाही.

सर्वाधिक दावे अडतात ते गाडीच्या ओळखीवर. खबरेत ‘अज्ञात कंटेनर’ आणि तीन आठवड्यांनी अचानक नंबर, असे झाले की विमा कंपनी ‘गाडी मागाहून घुसवली’ असा बचाव घेते. वाशी किंवा ऐरोली टोलनाक्याचे, पेट्रोलपंपाचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते आणि ट्रकच्या फास्टॅगची नोंद ताब्यात घ्यावी, असा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्यावी. नंबर एमएच-०४, ४३ किंवा ४६ असेल तर मालक जवळपास सापडतो. परराज्यातल्या नोंदणीचा असेल तर नोटीस बजावण्यातच महिने जातात. गाडी सापडलीच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात.

रक्कम कशी ठरते. मृत्यूच्या दाव्यात सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांचे सूत्र वापरतात. समजा, मृत ३४ वर्षांचा, घाऊक बाजारात महिना २४,००० रुपये कमावणारा. मागे पत्नी, दोन मुले, आई. वार्षिक उत्पन्न २,८८,०००. स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगार आणि वय चाळिशीच्या आत म्हणून भावी वाढ ४० टक्के : ४,०३,२००. चार अवलंबित म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : ३,०२,४००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; ३१ ते ३५ वयाचा गुणक १६. एकूण ४८,३८,४०० रुपये; शिवाय सहवासहानी (जवळच्याची साथ गमावल्याबद्दल), संपदाहानी (मृताच्या मिळकतीच्या नुकसानीबद्दल) आणि अंत्यविधीचा खर्च. उत्पन्नाचा पुरावा नसल्याने न्यायाधिकरणाने महिना १२,००० च धरले तर हाच आकडा २४,१९,२०० वर येतो. रोखीने मजुरी घेणाऱ्यांचे इथेच नुकसान होते. बँक पासबुक, मालकाची साक्ष, हजेरीपट, काहीही चालेल, पण काहीतरी हवेच.

जखमीच्या बाबतीत दाखल्यावरच्या टक्क्यांपेक्षा कमाईवरचा परिणाम महत्त्वाचा. पायाचे ४० टक्के अपंगत्व आलेला माथाडी कामगार पुन्हा गोणी उचलू शकत नसेल, तर त्याची कमाई पूर्ण बुडाली असे धरता येते. टेबलावरच्या कारकुनाची तशी धरली जात नाही. हा फरक डॉक्टरांच्या साक्षीतून आणावा लागतो. नुसता दाखला जोडून भागत नाही.

विमा कंपनीचे बचाव. चालकाकडे योग्य परवाना नव्हता, परमिट नव्हते, अपघातग्रस्त दुचाकीस्वाराचीही चूक होती, हे नेहमीचे. मालकाने अटी मोडल्या असतील तरी अनेकदा ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश होतो, कारण तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे अपघातग्रस्ताचा, त्यात दोष नसतो. रस्त्याकडेला दिवे वा रिफ्लेक्टरशिवाय उभ्या ट्रकवर मागून आदळल्यास दोष वाटून घेतला जातो. स्वाराचा वाटा ३० टक्के ठरला तर भरपाईही तेवढी कापली जाते. पंचनाम्यात ट्रक रस्त्यात किती आला होता, त्याची मापे असतील तर हा वाद लवकर मिटतो.

मोटार वाहन अधिनियमाच्याच कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. कमावत्या माणसाच्या बाबतीत ही रक्कम बहुधा तोकडीच.

निकाल आणि वसुली. लोकअदालतीत तडजोड झाली तर पैसे लवकर येतात, पण त्यावर अपील नाही. म्हणून वरचे गणित स्वतः मांडल्याशिवाय आकड्याला होकार देऊ नये. टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही. रुग्णालयाच्या दारातच वकालतनाम्यावर सही मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहावे. निकालानंतर ३० दिवसांत रक्कम जमा व्हायला हवी. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून लागते, आणि अज्ञान मुलांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत मुदतठेवीत राहतो. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ९० दिवस; वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील करता येत नाही.

ट्रकचा चालक किंवा क्लीनरच जखमी झाला, तर त्याला कर्मचारी भरपाईची तरतूद (पूर्वी कर्मचारी भरपाई कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता) किंवा न्यायाधिकरण यांपैकी एकच वाट निवडता येते.