डिस्क ऐंशीची, दिसते दहाची: जुन्या विंडोजमधल्या पार्टिशनच्या घोळाची पार्श्वभूमी

विंडोज ९८ च्या संगणकाला ८० जीबीची हार्ड डिस्क जोडली, डिस्कचे वेगळे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणारा एफडिस्क हा प्रोग्रॅम चालवला आणि पडद्यावर १०,७५० एमबीच्या आसपासचा आकडा आला, की पहिला संशय डिस्कवर जातो. डिस्क बहुधा धडधाकट असते. चुकलेला असतो तो हिशेब, आणि त्याची मुळं १९८३ पर्यंत जातात.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क घेऊन आला, सोबत डॉस २.०. एकाच डिस्कवर डॉसशेजारी दुसरी एखादी कार्यप्रणालीही नांदावी, म्हणून डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यात, कोणता भाग कुठून कुठवर याचं वाटणीपत्र लिहून ठेवायची पद्धत पडली. हा सेक्टर ५१२ बाइटचा. ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडला, शेवटचे दोन खुणेला, आणि उरलेल्या ६४ मध्ये १६-१६ बाइटच्या चार नोंदी. प्रायमरी पार्टिशन, म्हणजे थेट या वाटणीपत्रात नोंदलेले भाग, चारच का, तर पाचव्या नोंदीला जागाच नव्हती.

१९८७ मध्ये डॉस ३.३ ने यावर एक्स्टेंडेड पार्टिशनची, म्हणजे पोटात आणखी भाग (लॉजिकल ड्राइव्ह) सामावणाऱ्या पार्टिशनची, पळवाट काढली. तेव्हा एका पार्टिशनला ३२ एमबीची मर्यादा होती आणि डिस्क तर मोठ्या होत चालल्या होत्या. एक्स्टेंडेडच्या पोटातल्या प्रत्येक लॉजिकल ड्राइव्हची छोटी नोंद वेगळी असते आणि ती पुढच्या ड्राइव्हचा पत्ता सांगते. म्हणजे ही साखळी झाली. मधली एक कडी बिघडली की डी ड्राइव्ह शाबूत, पण ई आणि एफ एकदम गायब, हा प्रकार त्यातूनच येतो. तिथला डेटा बहुतेकदा जागेवरच असतो, हरवलेला असतो फक्त पत्ता. अशा वेळी घाईने नवं पार्टिशन करून फॉरमॅट मारणं, यासारखा दुसरा घात नाही.

पुढची अडचण बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची. डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगितली जाई. बायोसला १,०२४ च्या पुढचे सिलिंडर मोजता येत नव्हते, आयडीई या तेव्हाच्या जोडणीच्या डिस्कला १६ च्या पुढचे हेड सांगता येत नव्हते. प्रत्येक बाबतीत दोघांतल्या कंजुषाचं चालायचं! १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ सेक्टर, आणि प्रत्येकी ५१२ बाइट: सगळे मिळून ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५०४ एमबी. यातून सुटण्यासाठी बायोस खोटं बोलायला शिकला. हेड जास्त आणि सिलिंडर कमी असल्याचं तो भासवू लागला. सेटअपमधले ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ हे पर्याय म्हणजे ते खोटं बोलण्याच्या तऱ्हा. एका संगणकात नीट चालणारी डिस्क दुसऱ्यात लावल्यावर रिकामी किंवा बिघडलेली दिसली, तर आधी हा पर्याय तपासावा. वाटणीपत्र एका तऱ्हेने लिहिलेलं आणि दुसऱ्या तऱ्हेने वाचलेलं असू शकतं.

फॅट१६ या फाइलींची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत एका पार्टिशनची मर्यादा २ जीबी होती. ती १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीतल्या फॅट३२ ने ओलांडली. एफडिस्क सुरुवातीलाच मोठ्या डिस्कचा आधार हवा का, असं विचारतं ते यासाठीच. तिथे ‘नाही’ म्हटलं की पुन्हा २ जीबीचेच तुकडे पडतात.

आता सुरुवातीच्या ८० जीबीकडे. विंडोज ९८ सोबतच्या एफडिस्कमध्ये आकाराचं गणित काही ठिकाणी १६ बिटांत होतं. ६४ जीबी झाले की ते भरतं आणि पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. ऐंशीची डिस्क संगणकाच्या मोजणीत साडेचौऱ्याहत्तर जीबी भरते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १,०२४ च्या. त्यातून ६४ गेले, उरले साडेदहा. मायक्रोसॉफ्टने पुढे सुधारित एफडिस्क दिलं, पण त्यातही पाच अंकांपेक्षा मोठा आकडा टाइप करता येत नसे. मग आकार टक्केवारीत द्यायचा.

हा घोळ निदान डोळ्यांना दिसतो. १३७ जीबीच्या मर्यादेचा दिसत नाही. जुन्या आयडीई पद्धतीत सेक्टरचा क्रमांक २८ बिटांचा होता, म्हणजे १३७ जीबीपर्यंतच पुरणारा. विंडोज ९८ चा डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर त्यापुढचे बिट गाळून टाकतो आणि शेवटाकडे लिहायचा मजकूर डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतो, म्हणजे नेमका वाटणीपत्राच्या आणि फाइलींच्या नोंदवहीच्या अंगावर. डिस्क महिनोन्‌महिने सुरळीत चालते आणि भरत आली की अचानक कोसळते.

विंडोज एक्सपीच्या मूळ २००१ च्या सीडीलाही हीच मर्यादा आहे. ४८ बिटांचा पत्ता समजायला २००२ चा सर्व्हिस पॅक १ हा सुधारणांचा संच यावा लागला. त्या मूळ सीडीवरून कोऱ्या मोठ्या डिस्कवर एक्सपी टाकलं तर संगणकाच्या मोजणीत १२७ जीबीच दिसतात. सर्व्हिस पॅक टाकल्यावर उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोकळी दिसते आणि काही बिघडत नाही. डिस्कवर त्याहून मोठं पार्टिशन आधीपासून असेल तर मात्र ती सीडी ड्राइव्हमध्ये घालूच नये.