ऑर्किड: सगळा पराग एकाच फेरीत

ऑर्किडचं फूल बघताना नजर आधी जाते ती एका पाकळीकडे. पाकळ्या तीनच, मागची तीन निदलंही तितकीच रंगीत, पण ही एक पाकळी इतरांहून पार निराळी: कुठे पिशवीच्या आकाराची, कुठे झालरदार, कुठे केसाळ. तिला ओठ म्हणतात. कळीत ओठ वरच्या बाजूला असतो. बहुतेक जातींत उमलताना फुलाचा देठ अर्धा पीळ घेतो, ओठ खाली येतो आणि कीटकाला उतरायला जागा होते.

ओठासमोर पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन झालेला आखूड स्तंभ असतो. ऑर्किडची खरी करामत तिथे आहे. परागकण सुटे उधळण्याऐवजी बहुतेक ऑर्किड ते गच्च पुंजक्यांत बांधून ठेवतात. चार्ल्स डार्विनने अशा एका फुलात टोकदार पेन्सिल घालून बाहेर काढली, तेव्हा पुंजका इवल्याशा दांडीसकट टोकाला चिकटून ताठ उभा होता. साधारण अर्ध्या मिनिटात दांडी पुढे वाकली. कीटक दुसऱ्या फुलापाशी पोचेपर्यंत पुंजका असा झुकतो की तो थेट तिथल्या चिकट कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागावर, टेकावा. मला तरी वनस्पतिजगतात इतकं नेमकं दुसरं काही ठाऊक नाही.

पण सगळा पराग एकाच फेरीत पाठवायचा, तर वाहक चुकून चालत नाही. ऑर्किडच्या सुमारे 28,000 जातींत जे अफाट वैविध्य दिसतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. ओफ्रिस नावाच्या ऑर्किडच्या फुलाला बहुधा मादी मधमाशीचं रूप आणि गंधही असतो; नर फसतो, मध मिळत नाही, पराग मात्र घेऊन जातो. कोरिअँथिस या दुसऱ्या ऑर्किडचा ओठ म्हणजे द्रवाने भरलेली बादलीच. सुगंध गोळा करायला आलेली नर मधमाशी तीत पडते आणि बाहेर पडायच्या अरुंद वाटेत पाठीवर पुंजके चिकटतात. मादागास्करच्या एका ऑर्किडची मधुनळी जवळपास 30 सेंटीमीटर लांब असते. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असणार, असं डार्विनने 1862 मध्ये लिहिलं. तो पतंग 1903 मध्ये शास्त्रीय नोंदीत आला.

नेम साधला की फळही तसंच येतं. पुष्कळ जातींत एका बोंडात लाखो बिया असतात, धुळीइतक्या बारीक. त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे निसर्गात योग्य बुरशी भेटून तिने अन्न पुरवल्याशिवाय रोप वाढत नाही. काही जाती तर पुढेही हिरव्या होत नाहीत, जन्मभर त्या बुरशीवरच जगतात.