पाळीव उंदरांच्या पिंजऱ्यात कोणाचे चालते? नर-मादीच्या वर्चस्वाविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे पिंजरा घ्यायला येणारे, तसेच दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाताना आपले उंदीर आमच्याकडे सांभाळायला ठेवणारे ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात: नर अंगाने मोठा असतो, तेव्हा गटात त्याचेच चालत असणार ना? या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, आणि काउंटरवर उभ्याउभ्या दिलेले अर्धवट उत्तर घरी गेल्यावर एखाद्या प्राण्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हे माहितीपत्रक थोडे सविस्तर लिहिले आहे.

‘फॅन्सी रॅट’ या नावाने विकला जाणारा प्राणी म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस या तपकिरी उंदराची माणसाळलेली जात होय. मुंबईच्या गटारांतून आणि गोदामांतून दिसणारी घूस वेगळी आणि माळ्यावर खुडबुड करणारा काळा उंदीरही वेगळा. तपकिरी उंदीर मुळात बिळे करून वसाहतीने राहणारा आहे, म्हणूनच आम्ही एकटा उंदीर पाळण्याचा सल्ला कधीही देत नाही. मात्र जिथे वसाहत आली तिथे उतरंडही आली. कोण कुठे झोपेल, चांगला घास आधी कोण उचलेल आणि कोण कोणाला वाट देईल, हे त्यांच्यात रोजच्या रोज ठरत असते. ते ठरवण्याची त्यांची रीत ओळखता आली नाही, तर आपण नको तिथे मध्ये पडतो आणि जिथे पडायला हवे तिथे ‘खेळत असतील’ म्हणून सोडून देतो.

अंगबळ आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ४५० ते ६५० ग्रॅम आणि मादीचे २५० ते ४५० ग्रॅम असते. एवढा फरक असताना समोरासमोरच्या झटापटीत नर वरचढ ठरतो हे खरे आहे. परंतु पिंजऱ्यातले बहुतेक व्यवहार झटापटीने होतच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आलेल्या तिघांचे उदाहरण देतो. निर्बीजीकरण झालेला, पावणेसहाशे ग्रॅम वजनाचा एक नर आणि त्याच्या निम्म्या वजनाच्या दोन माद्या. नराला उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला, की काळ्या डोक्याची मादी मागून येऊन त्याच्या तोंडाशी नाक नेई. तो जागच्या जागी गिरकी घेऊन आपले ढुंगण तिच्याकडे करी, ती वळसा घालून पुन्हा समोर येई, तो पुन्हा फिरे, आणि अशा चार-पाच फेऱ्यांनंतर तुकडा तिच्या तोंडात गेलेला असे. नर ना तिच्यावर चाल करून जाई, ना तिचा पाठलाग करी. रात्री मात्र तोच नर पिंजऱ्यात झोपण्यासाठी टांगलेल्या कापडी झोळीत तिला अंगाखाली दाबून तिची मान इतक्या जोराने चाटत असे, की ती बारीक आवाजात चिरकत असे. अंड्याच्या बाबतीत तिचे चालत होते आणि झोळीच्या बाबतीत त्याचे, आणि पंधरा दिवसांत दोघांच्या अंगावर एक ओरखडाही आला नाही.

तोंडातला घास पळवणे हा उंदरांचा नेहमीचा व्यवहार आहे आणि खालच्या पायरीचा प्राणीही तो बिनदिक्कत करतो. त्यामुळे केवळ घास कोणी पळवला यावरून मुख्य कोण हे ठरवू नये. आमच्या पाहण्यात निर्बीजीकरण झालेला नर आणि माद्या यांच्या गटात बऱ्याचदा एखादी वयाने मोठी, धीट मादीच पुढाकार घेते. नर वजनाने दुप्पट असूनही तिला वाट देतो आणि त्यात त्याचे काहीही बिघडत नाही.

पिल्ले असलेल्या मादीची गोष्ट तर अगदीच निराळी आहे. दूध पाजणारी मादी पहिले साधारण दोन आठवडे घरट्याजवळ येणाऱ्या कोणत्याही नरावर तुटून पडते, मग तो गटातला सर्वांत दांडगा का असेना. अशा वेळी शहाणा नरही मागे सरतो. तिच्या पिंजऱ्यात हात घालतानाही घाई करू नये.

भांडण की नुसती कुरबुर, हे कसे ओळखावे

तरुण उंदीर एकमेकांवर झेप घेतात, लोळतात, एकाला उताणे पाडून दुसरा वर उभा राहतो. हा खेळ वयाच्या पाचव्या आठवड्याच्या आसपास ऐन भरात असतो. खेळातला रोख मानेमागे असतो: नाक तिथे टेकवले, की डाव जिंकला. खऱ्या हल्ल्यातला रोख पाठ, कूस आणि ढुंगण यांवर असतो आणि तिथे नाक नव्हे तर दात लागतात. आमच्या मते ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखी ही सर्वांत उपयोगी खूण आहे. जखमा कुठे आहेत ते पाहा. पाठीवर आणि कमरेवर खपल्या असलेला प्राणी मार खात आहे. नाकावर किंवा तोंडाजवळ जखम असलेला बहुधा स्वतः भांडायला पुढे झालेला असतो. अमेरिकेतील रॉबर्ट आणि कॅरोलाइन ब्लँचर्ड या संशोधक दांपत्याने नर-माद्यांच्या मिश्र वसाहती कृत्रिम बिळांत ठेवून वर्षानुवर्षे निरीक्षणे केली. त्यांतही दबलेल्या नरांच्या पाठीवर जखमा आढळत आणि त्यांचे वजन घटत जाई.

दाबून धरणे, बळेच चाटणे, मागच्या दोन पायांवर उभे राहून पुढच्या पायांनी ढकलाढकली करणे, पिंजऱ्याच्या कोपऱ्यांवर थेंब थेंब मूत्र सोडत चालणे, या सर्व गोष्टी उतरंडीच्या रोजच्या भाषेतल्या आहेत. चिरकण्यालाही फार घाबरू नये. खालच्या पायरीचा उंदीर ‘मी मानले, आता सोड’ या अर्थाने चिरकतो. मात्र अंगावरचे केस ताठ उभे करून, पाठ कमानीसारखी वाकवून, खेकड्यासारखा आडवा सरकत एखादा नर दुसऱ्याजवळ जाऊ लागला आणि त्याच वेळी त्याची शेपटी सापासारखी वळवळू लागली, तर तो खेळ नव्हे. अशा वेळी उघडा हात मध्ये घालू नये. भांडणात गुंतलेला उंदीर मालकाचे बोटही हाडापर्यंत चावतो. जाड टॉवेल टाकावा आणि दोघांना वेगळे करावे.

आवाज नाही म्हणजे तक्रार नाही, असेही समजू नये. उंदराची घाबरल्याची हाक सुमारे २२ किलोहर्ट्झ इतक्या उंच स्वराची असते आणि माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. म्हणून कानापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवावा. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर दर आठवड्याला प्रत्येकाचे वजन करून ते लिहून ठेवावे. ज्याचे वजन सतत उतरत आहे, ज्याच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी लालसर स्राव दिसतो, जो झोळी सोडून एकटाच कोपऱ्यात झोपतो, तो प्राणी एक तर आजारी आहे किंवा दबलेला आहे, आणि बरेचदा दोन्ही. हा लाल स्राव रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा पदार्थ आहे, पण तो वाढला की पशुवैद्यकांकडे जायलाच हवे.

माजावर आलेली मादी

मादी दर चार ते पाच दिवसांनी माजावर येते आणि ती अवस्था बहुधा एका रात्रीपुरती टिकते. त्या रात्री ती टुणटुण उड्या मारते, एकाएकी धाव घेऊन थबकते, तिचे कान थरथरतात, पाठीला हात लावला तर ती पाठ खोलगट करून उभी राहते. कित्येकदा ती सोबतच्या दुसऱ्या मादीवर चढते. ‘हिला एकाएकी दादागिरी सुचली आहे’ अशी तक्रार घेऊन ग्राहक येतात तेव्हा आम्ही त्यांना चार-पाच दिवसांची नोंद ठेवायला सांगतो. तीच गडबड ठरलेल्या अंतराने पुन्हा दिसली, तर तो माज आहे आणि तिथे काहीही करण्याची गरज नाही.

गरज आहे ती नर वेगळे ठेवण्याची. निर्बीजीकरण न झालेला नर आणि मादी एका पिंजऱ्यात ‘थोडा वेळ’ सुद्धा ठेवू नयेत. उंदरांचा समागम काही सेकंदांत उरकतो, गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेताला साधारण आठ ते बारा पिल्ले होतात आणि व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत ती मादी पुन्हा गाभण राहू शकते. भाऊ-बहीण हे नाते त्यांना कळत नाही. नर पिल्ले पाच आठवड्यांची होताच आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावीत. ‘दोघी बहिणीच आहेत’ असे सांगून विकलेल्या जोडीत एक नर निघाल्याची उदाहरणे इतकी आहेत, की घेतल्या दिवशीच आमच्याकडे आणून तपासून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.

याच्याशी जोडलेली एक बाब लहान घरांत फार महत्त्वाची ठरते. माद्यांचा सहवास असला, की नरांमधली चुरस वाढते. वन-रूम-किचनमध्ये जागेअभावी नरांचा पिंजरा खाली आणि माद्यांचा वर, असे रचून ठेवले जाते. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेले दोन भाऊ अशा मांडणीनंतर भांडू लागले, तर आम्ही आधी पिंजरे लांब करायला सांगतो, शक्य असल्यास दोन वेगळ्या खोल्यांत. गजांमधील अंतरही सव्वा सेंटिमीटरहून जास्त नसावे. बारीक मादी एवढ्याशा फटीतून निघते, हे सांगूनही पटत नाही.

नराचे निर्बीजीकरण

पाच-सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या वयात काही नरांचा स्वभाव पालटतो. सर्वांचा नाही, पुष्कळसे नर आयुष्यभर लोण्यासारखे मऊ राहतात. परंतु जो नर सोबत्यांना वारंवार रक्त येईपर्यंत चावतो, त्याच्या बाबतीत ‘मोठा झाला की सुधारेल’ ही आशा आम्ही कोणालाही देत नाही. अशा नराचे निर्बीजीकरण केल्यास त्याची आक्रमकता बहुतेक वेळा ओसरते, मात्र त्याला काही आठवडे लागतात. शस्त्रक्रियेनंतरही काही काळ त्याच्या शरीरात शुक्राणू शिल्लक असतात, त्यामुळे माद्यांबरोबर ठेवण्यापूर्वी आम्ही पूर्ण चार आठवडे थांबायला सांगतो.

ही शस्त्रक्रिया उंदीर, ससे अशा लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या आणि नाकावाटे भूल देण्याची सोय असलेल्या पशुवैद्यकांकडूनच करून घ्यावी. कुत्र्या-मांजरांना शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, पण उंदराला तसे ठेवू नये. उंदराला उलटी होतच नाही, त्यामुळे उपासाचा फायदा नाही आणि एवढ्या लहान शरीराला उपास सोसतही नाही. मादीचे निर्बीजीकरण अधिक मोठे असते, पण ते लवकर केल्यास पुढे स्तनांत गाठी होण्याचा धोका बराच कमी होतो. माद्यांमध्ये या गाठी फार आढळतात, म्हणून त्याविषयीही डॉक्टरांना जरूर विचारावे.

नवा उंदीर आणताना

नवा प्राणी आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा, कारण श्वसनाचे आजार हवेतून पसरतात. पहिली भेट कोणाच्याच मालकीची नसलेल्या जागी घडवावी. मुंबईच्या घरांत अशी जागा म्हणजे बहुधा न्हाणीघर. फरशी कोरडी करावी आणि सांडपाण्याच्या भोकावरची जाळी घट्ट बसवावी, कारण त्या वाटेने गटारातले उंदीर वर येतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. वीस मिनिटे शांततेत गेली, तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवावी. एकत्र पिंजऱ्यात सोडताना पाण्याच्या बाटल्या दोन, खाण्याची भांडी दोन आणि प्रत्येक लपण्याच्या घराला दोन दारे असावीत. एकच दार असलेल्या घरात दबलेला प्राणी कोंडला जातो आणि बहुतेक मोठ्या जखमा तिथेच होतात.

शेवटची बाब स्वच्छतेची, आणि इथे चूक होते ती काळजीपोटीच. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पिंजऱ्याला वास येऊ लागतो, मग मालक रोज सगळे धुऊन काढतात. परंतु उंदरांची अर्धी उतरंड वासावर उभी असते. सगळा वास एकदम पुसला, की आपापल्या खुणा पुन्हा उमटवण्यासाठी ते अधिक मूत्र सोडतात, अधिक कुरबुरतात आणि वास आणखी वाढतो. म्हणून तळाचा कागद वरचेवर बदलावा, पण झोळ्या एकाच दिवशी सगळ्या धुऊ नयेत. एक तरी वापरलेली झोळी आत राहू द्यावी. फिनाइल तर मुळीच वापरू नये, त्यांची फुप्फुसे नाजूक असतात.

हेच कारण असल्यामुळे, आमच्याकडे उंदीर सांभाळायला ठेवताना त्यांची न धुतलेली एक झोळी सोबत आणावी, वजनाची वही आणावी, आणि कोण कोणाजवळ झोपते व कोण कोणाला घास देत नाही हे आम्हाला दोन मिनिटे थांबून सांगावे. ते आम्ही लिहून घेतो आणि त्याप्रमाणेच पिंजरा लावतो.